मणक्यातला 'गॅप' आणि चुंबकाचा डोळा

आपल्याकडे कंबरदुखीचं निदान करायला डॉक्टर लागतच नाही. एस.टी.त शेजारी बसलेले काका, किराणा दुकानदार, लग्नात पंगतीत भेटलेली लांबची आत्या, कुणीही सांगतं, "मणक्यात गॅप पडलाय!" आमच्या मैंदर्गीत तर हे वाक्य मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्हीकडे सारख्याच आत्मविश्वासाने म्हटलं जातं. अक्कलकोट तालुक्यातलं, कर्नाटकच्या सीमेवरचं आमचं गाव. घरात एक भाषा, बाजारात दुसरी. पण 'गॅप' हा शब्द मात्र दोन्हींना पुरून उरलेला.

गंमत अशी की हा 'गॅप' बहुतेक वेळा उलटा असतो. ज्याला आपण गॅप पडला म्हणतो, तिथे दोन मणक्यांमधली जागा वाढलेली नसते, कमी झालेली असते! मधली गादी सुकते, खचते आणि मणके एकमेकांच्या जवळ येतात. म्हणजे खरं तर 'गॅप गेला' असं म्हणायला हवं. आता ही गादी सुकते म्हणजे काय होतं, ती सुकल्याचं बाहेरून कसं कळतं, आणि कळल्यावर घाबरायचं किती, हे समजून घेण्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. ई अँड टीसीच्या विद्यार्थिनीने मणक्यावर का लिहावं, असं आमच्या होस्टेलमध्ये विचारून झालं आहे. उत्तर लेखातच मिळेल. एमआरआय हे मशीन डॉक्टरांच्या हातात असलं, तरी त्याच्या पोटात आपलाच अभ्यासक्रम भरलेला आहे.

गादी की टायर?

कमरेत पाच मणके असतात. डॉक्टर त्यांना एल१ ते एल५ म्हणतात. त्याखाली त्रिकास्थी, म्हणजे एस१ वगैरे. प्रत्येक दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती असते, तीच आपली 'डिस्क'. तिचे दोन भाग. आत मऊ, जेलीसारखा गर, आणि त्याभोवती चिवट तंतूंची कडी, एकावर एक पंधरा-पंचवीस थर असलेली. एका थरातले तंतू एका बाजूला तिरके, पुढच्या थरातले विरुद्ध बाजूला तिरके. मेकॅनिकलच्या मित्रांना लगेच ओळख पटेल, हा तर क्रॉस-प्लाय टायर! आत दाब, बाहेर उलटसुलट तिरक्या थरांची भिंत.

आतल्या गरात तरुणपणी ८० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ते पाणी धरून ठेवायचं काम करतात प्रोटिओग्लायकॅन नावाचे मोठे रेणू. दिवसभर आपण उभे राहतो, बसतो, चालतो, तसं वजनाने थोडं पाणी पिळून बाहेर जातं. रात्री आडवं झालं की ते परत शोषलं जातं. त्यामुळे आपली उंची सकाळी जास्त आणि संध्याकाळी एखाद-दीड सेंटिमीटरने कमी भरते. खोटं वाटत असेल तर रूमच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलने खूण करून बघा. (रेक्टर सरांना माझं नाव सांगू नका!)

आता या चकतीवर दाब किती येतो? जर्मनीतल्या उल्म इथे विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका स्वयंसेवकाच्या एल४-एल५ या चकतीत प्रत्यक्ष प्रेशर ट्रान्सड्यूसर बसवून मोजमापं घेतली. एकाच माणसावरचा प्रयोग आहे, हे लक्षात ठेवून आकडे बघा. आडवं पडल्यावर सुमारे ०.१ मेगापास्कल. आरामात उभं राहिल्यावर ०.५. पाठ न टेकता बसल्यावर ०.४६. बसून पूर्ण पुढे वाकल्यावर ०.८३. खुर्चीत पाठ टेकून पसरून बसल्यावर फक्त ०.२७! (हे आईला वाचून दाखवा.) आणि २० किलो वजन गुडघे न वाकवता, पाठीत वाकून उचललं तर २.३. तेच गुडघ्यात बसून उचललं तर १.७. कारच्या टायरमध्ये हवा साधारण ०.२ मेगापास्कल भरतात. म्हणजे वाकून वीस किलो उचलणाऱ्या माणसाच्या कमरेतला हा छोटासा 'टायर' कारच्या टायरपेक्षा दहापटीहून जास्त दाब सोसतो.

आमच्याकडे हा प्रयोग दरवर्षी शेतातच चालतो. सोलापूरकडची रब्बी ज्वारी विळ्याने कापत नाहीत, मुळासकट उपटतात. कमरेत वाकायचं, दोन्ही हातांनी ताट धरायचं, हिसका द्यायचा, पुढच्या ताटाकडे सरकायचं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. काळ्या रानात जमीन आवळून आली असेल तर एकेका ताटाला जोर लावावा लागतो. संध्याकाळी बांधावर बसून माणसं कमरेवर हात ठेवतात ते उगाच नाही.

गादी सुकते कशी?

चकती हा आपल्या शरीरातला रक्तवाहिन्या नसलेला सगळ्यात मोठा अवयव मानला जातो. मोठ्या माणसाच्या चकतीत, अगदी बाहेरच्या कडा सोडल्या तर, रक्त पोचतच नाही. तिचं पोषण वरच्या-खालच्या मणक्याच्या हाडातून, मधल्या पातळ पडद्यातून (त्याला एंडप्लेट म्हणतात) झिरपत येतं. मेसमधल्या शेवटच्या पंगतीसारखं, जे उरेल ते मिळणार. वय वाढतं तसा हा पडदा कठीण होतो, झिरपणं कमी होतं, पाणी धरणारे रेणू तुटतात, गर सुकतो. मग आतला दाब कमी होतो आणि सगळा भार बाहेरच्या कड्यावर येतो. हवा कमी झालेल्या टायरच्या भिंती फुगतात ना, तसंच. कड्याला चिरा पडतात. कधी कडं सगळीकडून फुगतं (बल्ज), कधी एका बाजूने पुढे येतं (प्रोट्रूजन), कधी आतला गर फुटून बाहेर पडतो (एक्स्ट्रूजन). मागच्या बाजूने पायाकडे जाणाऱ्या शिरा असतात. त्यातली एखादी चेपली किंवा सुजली की कमरेतून मांडीत, पोटरीत, पायाच्या अंगठ्यापर्यंत कळ जाते. तीच 'सायटिका'. सगळ्यात जास्त त्रास खालच्या दोन चकत्यांना, एल४-एल५ आणि एल५-एस१ यांना होतो.

यात पोषणाचा भाग किती मोठा आहे, हे दाखवणारं एक सुंदर काम आपल्याच देशात झालं आहे. कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलचे डॉ. एस. राजशेखरन आणि त्यांच्या गटाने माणसांच्या शिरेतून एमआरआयमध्ये दिसणारं गॅडोलिनियमचं द्रव्य दिलं आणि पुढचे २४ तास पुन्हा पुन्हा स्कॅन काढून ते चकतीत कसं झिरपतं ते पाहिलं. ते आधी हाडात दिसतं, मग पडद्याजवळ, आणि मधल्या गरापर्यंत पोचायला कित्येक तास लागतात. पडदा खराब असेल तर झिरपण्याची ही सगळी पद्धतच बिघडते. २००४ मध्ये या कामाला कमरेच्या मणक्याच्या अभ्यासाचं आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालं. जिवंत माणसाच्या चकतीचं 'जेवण' सुई न टोचता बघता आलं, ते एमआरआयमुळे.

एक्स-रे का पुरत नाही?

एक्स-रेमध्ये हाड दिसतं. चकती दिसत नाही. फक्त दोन हाडांमधली मोकळी जागा दिसते. जागा कमी दिसली म्हणजे चकती खचली असणार, असा अंदाज बांधायचा. पण चकती सुकायला सुरुवात झाली, तरी उंची बरीच वर्षं टिकून राहते. म्हणजे एक्स-रेला कळतं ते उशिरा. सीटी स्कॅन त्याहून बरा, पण त्यातही आतला गर सुकलाय की ओला, हे नीट समजत नाही. शिवाय दोन्हींत क्ष-किरणांचा मारा. आपल्याला हवंय ते पाणी बघणारं यंत्र. आणि एमआरआय नेमकं तेच बघतं.

आता आपला सिलॅबस!

पाण्याच्या रेणूत हायड्रोजन असतो. हायड्रोजनचं केंद्रक म्हणजे एक प्रोटॉन. तो स्वतःच्या छोट्याशा चुंबकासारखा वागतो. एरवी शरीरातले हे असंख्य चुंबक कुठल्याही दिशेला तोंड करून असतात, लेक्चर सुरू व्हायच्या आधीच्या वर्गासारखे. माणसाला मोठ्या चुंबकात झोपवलं की ते क्षेत्राच्या दिशेने किंवा विरुद्ध रांगेत येतात. नेहमीच्या मशीनचं क्षेत्र १.५ टेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या साधारण तीस हजार पट.

पण इथे एक धक्का आहे. क्षेत्राच्या दिशेने असलेले आणि विरुद्ध असलेले प्रोटॉन जवळजवळ सारखेच असतात. शरीराच्या तापमानाला बोल्ट्झमनचं सूत्र लावून बघा. १.५ टेस्लाला दर दहा लाख प्रोटॉनमागे फरक पडतो सुमारे पाचाचा! बाकीचे एकमेकांना खोडून टाकतात. सगळं चित्र त्या पाच जादा प्रोटॉनच्या जोरावर काढायचं. तरी जमतं, कारण शरीरात पाणी अफाट आहे.

हे प्रोटॉन क्षेत्राभोवती भोवऱ्यासारखे झोके घेतात. त्यांची फ्रिक्वेन्सी ठरलेली असते, एका टेस्लाला ४२.५८ मेगाहर्ट्झ. १.५ टेस्लाला झाली सुमारे ६४ मेगाहर्ट्झ. म्हणजे चक्क रेडिओ लहरी, आपल्या एफएम बँडच्या (८८ ते १०८) जरा खाली. बरोबर याच फ्रिक्वेन्सीचा पल्स दिला की प्रोटॉन आडवे होतात. पल्स थांबवला की परत उभे राहू लागतात आणि राहता राहता बारीकसा रेडिओ सिग्नल देतात. तो कॉइलने पकडायचा. बाहेरचा गोंगाट आत येऊ नये म्हणून खोलीला तांब्याच्या पत्र्याचं अस्तर लावतात, फॅराडे केज. मोबाईल आत का चालत नाही, याचं एक कारण हेही आहे.

ही घटना, न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स, १९४६ मध्ये फेलिक्स ब्लॉक आणि एडवर्ड पर्सेल यांनी स्वतंत्रपणे दाखवली. १९५२ चं नोबेल त्यांना मिळालं. पण सिग्नल कमरेतून आला की पोटातून, हे कसं कळणार? १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी उपाय काढला. क्षेत्र सगळीकडे सारखं ठेवायचंच नाही, थोडं तिरकं करायचं. जागा बदलली की क्षेत्र बदलतं, क्षेत्र बदललं की फ्रिक्वेन्सी बदलते. समजा मीटरमागे १० मिलिटेस्लाचा उतार दिला, तर एका मिलिमीटरला फरक पडतो सुमारे ४२६ हर्ट्झचा. म्हणजे फ्रिक्वेन्सी हाच पत्ता! मग मिश्र सिग्नलमधून फ्रिक्वेन्सी वेगळ्या करायला कोण लागतं? आपले फूरिए साहेब. ज्यांच्या नावाने आपण एम-थ्रीच्या पेपरला कपाळावर हात मारला, त्यांच्याशिवाय एमआरआयचं एकही चित्र उमटत नाही. हा भाग गणिताने पक्का करणारे आणि स्कॅन जलद करणारे पीटर मॅन्सफिल्ड. लॉटरबर आणि मॅन्सफिल्ड यांना २००३ चं नोबेल मिळालं. रेमंड डमाडियन यांनी १९७७ च्या जुलैमध्ये माणसाच्या छातीचा पहिला स्कॅन काढला होता, त्याला जवळजवळ पाच तास लागले. त्यांना नोबेल मिळालं नाही आणि त्यावरून मोठा वाद झाला, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

आणि तो 'ठक-ठक-ठक' आवाज? उतार देणाऱ्या कॉइलमधला करंट क्षणाक्षणाला बदलतो. करंट वाहणारी तार चुंबकीय क्षेत्रात ठेवली की तिच्यावर बल येतं, हे आपण बारावीत शिकलो. त्या बलाने कॉइल थरथरते, तोच आवाज. मशीन बिघडलेलं नसतं.

काळी चकती, पांढरी चकती

आडवे झालेले प्रोटॉन दोन प्रकारे सावरतात. परत उभं राहायला लागणारा वेळ म्हणजे टी-वन. आणि सगळे एका तालात फिरत असतात, तो ताल सुटायला लागणारा वेळ म्हणजे टी-टू. मोकळ्या पाण्यात ताल खूप वेळ टिकतो, घट्ट ऊतीत लगेच सुटतो. उदाहरणादाखल, टी-टू १००० मिलिसेकंद असलेला पाणीदार भाग आणि ५० मिलिसेकंद असलेला सुका भाग घ्या. पल्सनंतर १०० मिलिसेकंद थांबून सिग्नल ऐकला, तर पहिल्यात सुमारे ९० टक्के शिल्लक, दुसऱ्यात जेमतेम १४ टक्के. (एक्स्पोनेन्शियल डिके. कॅल्क्युलेटर काढा.) पहिला पांढरा दिसणार, दुसरा काळा. यालाच टी-टू चित्र म्हणतात. त्यात पाणी पांढरं.

म्हणून कमरेचा उभा छेद टी-टू चित्रात पाहिला की लहान मुलालाही कळेल. निरोगी चकती मधून पांढरी, कडेने काळी. सुकत चाललेली करडी. पूर्ण सुकलेली काळी. स्वित्झर्लंडच्या फिरमन यांनी २००१ मध्ये याच्या पाच पायऱ्या ठरवून दिल्या, आज जगभर त्याच वापरतात. पहिली: एकसारखी पांढरी. दुसरी: पांढरी, पण मध्ये आडवी करडी रेघ. तिसरी: करडी, गर आणि कडं यांची सीमा पुसट. चौथी: करडी ते काळी, सीमा गेलेली. पाचवी: काळी आणि खचलेली. तसेच चकतीशेजारच्या हाडातले बदल अमेरिकेच्या मायकल मोडिक यांनी १९८८ मध्ये वर्गवार लावले. टाइप १ म्हणजे हाडात सूज, टाइप २ म्हणजे मज्जेच्या जागी चरबी, टाइप ३ म्हणजे हाड कठीण झालेलं. हे ओळखायला टी-वन आणि टी-टू ही दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघावी लागतात.

मामांचा रिपोर्ट

हे सगळं मी वाचलं त्याला कारण माझे मामा. गेल्या सुगीत ज्वारी उपटताना त्यांची कंबर धरली आणि उजव्या पायात कळ जायला लागली. मैंदर्गीतून अक्कलकोट, अक्कलकोटहून सोलापूर असा प्रवास करून एमआरआय झाला. मोठी पिवळी पिशवी, फिल्म आणि दोन पानांचा इंग्रजी रिपोर्ट घेऊन ते घरी आले. डॉक्टरांची वेळ चार दिवसांनंतरची. तोवर गावाने रिपोर्ट न वाचताच निकाल लावला होता. गॅप आहे, ऑपरेशन करावं लागणार. मामींनी हिशोबही मांडला होता, बैलजोडी काढायची.

मी सुट्टीला गेले तर मामांनी पिशवी माझ्यापुढेच ठेवली. "इंग्लिश शाळेत घातलं कशाला तुला? वाच की काय लिवलंय ते."

आता माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. इंग्रजी वाचता येतं. पण रिपोर्टचं इंग्रजी कुठल्याच कॉन्व्हेंटमध्ये शिकवत नाहीत. 'डिजनरेटिव्ह डिस्क डिसिकेशन', 'डिफ्यूज बल्ज', 'एल४-एल५ला उजव्या बाजूला प्रोट्रूजन', 'थीकल सॅकवर इंडेंटेशन', 'मोडिक टाइप २'. पहिल्यांदा वाचताना वाटतं माणूस आतून मोडलाच आहे. मी मामांना म्हटलं, "मामा, मला शब्द कळतात, याचा अर्थ डॉक्टरच सांगतील. तोवर बैल विकू नका." मग रात्री बसून एकेक शब्द शोधला. डिसिकेशन म्हणजे नुसतं सुकणं. बल्ज म्हणजे फुगवटा. इंडेंटेशन म्हणजे मज्जारज्जूच्या खालच्या पिशवीवर आलेला हलका दाब. पण या शोधात जे सापडलं ते शब्दार्थापेक्षा मोठं होतं.

ज्यांची कंबर दुखत नाही त्यांचे स्कॅन

१९९४ मध्ये अमेरिकेत मॉरीन जेन्सन आणि सहकाऱ्यांनी कंबरदुखी नसलेल्या ९८ माणसांचे एमआरआय काढले. त्यातल्या ५२ टक्के लोकांना किमान एका ठिकाणी बल्ज होता, २७ टक्क्यांना प्रोट्रूजन. सगळ्या चकत्या नॉर्मल होत्या फक्त ३६ टक्क्यांच्या! पुढे २०१५ मध्ये ब्रिंजिकजी आणि सहकाऱ्यांनी अशा ३३ अभ्यासांतली, न दुखणारी ३११० माणसं एकत्र मोजली. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या चकत्या झिजू लागलेल्या होत्या, ऐंशीतल्या ९६ टक्क्यांच्या. बल्ज विशीत ३० टक्के, ऐंशीत ८४ टक्के.

म्हणजे बघा, आपल्या होस्टेलच्या एका विंगमध्ये तीस जण असतील, तर त्यातल्या दहा-अकरा जणांची एखादी चकती आत्ताच काळवंडू लागली असू शकते, आणि ते मजेत क्रिकेट खेळत आहेत! चकती झिजणं हे बऱ्याच अंशी केस पांढरे होण्यासारखं आहे. चित्रात दिसतं म्हणजे दुखण्याचं मूळ तेच, असं नाही. प्रोट्रूजन किंवा मोडिक टाइप १ असे काही बदल दुखणाऱ्या लोकांत जास्त आढळतात, हेही खरं. पण एकट्या फिल्मवरून निकाल लावता येत नाही.

दुसरी समजूत कष्टाची. फिनलंडमधल्या जुळ्या भावांवर मिशेल बॅटी, टापिओ व्हिडेमन आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं एमआरआयने अभ्यास केला. एकाने आयुष्यभर अवजड काम केलेलं, दुसऱ्याने बैठं. तरी दोघांच्या चकत्या आश्चर्य वाटावं इतक्या सारख्या निघाल्या. अनुवंशाचा वाटा कामाच्या वाट्यापेक्षा बराच मोठा. मामांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे ज्वारीचा गुन्हा न्हाई, आमच्या बापाचा हाय." तसं अगदी नाही. झिजणं अनुवंशाने ठरत असेल, पण झिजलेल्या चकतीवर कोणता भार कधी द्यायचा, ते आपल्या हातात आहे.

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी फिल्म नंतर पाहिली, मामांना आधी. टाचांवर चालायला लावलं. पायाचा अंगठा वर दाबून धरायला सांगितला. झोपवून सरळ पाय उचलून पाहिला. एल४-एल५च्या या फुगवट्याने साधारणपणे एल५ ही शीर चेपते आणि ती शीर अंगठा वर उचलते. अंगठ्यात ताकद पूर्ण होती. लघवी-संडासची तक्रार नव्हती. मग फिल्म पाहून ते म्हणाले, ऑपरेशनची आत्ता गरज नाही. थोडे दिवस गोळ्या, अंथरुणात पडून राहायचं नाही, चालत राहायचं, फिजिओथेरपी, आणि सहा आठवड्यांनी परत यायचं. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं ना, 'क्लिनिकल कोरिलेशन' करावं, त्याचा अर्थ मला तेव्हा कळला. चित्र आणि माणूस एकत्र वाचा.

पायाची कळ दोन महिन्यांत गेली. हे नशीब नव्हे. बाहेर आलेला गर बऱ्याच लोकांत शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं, हे पुन्हा पुन्हा काढलेल्या एमआरआयमध्ये दिसलेलं आहे. मामांची कंबर थंडीत सकाळी अजून आखडते. यंदा ज्वारीची काढणी त्यांनी गुत्तं देऊन केली. बैल गोठ्यात आहेत.

मग एमआरआय कधी काढायचा?

याचा अर्थ एमआरआय निरुपयोगी असं कुणी समजू नये. काही वेळा तो तातडीने लागतो:

- लघवी तुंबणं किंवा लघवी-संडासवरचा ताबा जाणं, बसायची जागा बधिर होणं. ही इमर्जन्सी आहे. सकाळची वाट बघायची नाही.
- पायातली ताकद कमी होत जाणं, चप्पल पायातून निसटणं, पाऊल लोंबणं.
- पाठदुखीबरोबर संध्याकाळचा ताप, वजन घटणं, रात्री झोपेतही न थांबणारं दुखणं. आपल्या देशात मणक्याचा टीबी विसरून चालत नाही, आणि एक्स-रेत दिसायच्या आधी तो एमआरआयमध्ये दिसतो.
- पूर्वी कॅन्सर झालेला असणं, किंवा पडल्यानंतर, अपघातानंतर सुरू झालेलं दुखणं.
- सायटिका सहा-आठ आठवडे उपचार करूनही न हटणं आणि ऑपरेशनचा विचार सुरू होणं.

यातलं काहीच नसेल तर साध्या कंबरदुखीला लगेच स्कॅन काढू नये, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २००७ मध्येच डॉक्टरांना सांगितलं आहे. पैसे वाचतात हे एक, आणि न दुखणाऱ्या 'दोषां'ची भीती मनात बसत नाही हे त्याहून मोठं.

स्कॅनला जाताना अंगावरचं सगळं धातूचं काढायचं. आमच्याकडे पुरुषांच्या कमरेला चांदीचा करदोटा आणि बायकांच्या पायात जोडवी असतात. चांदी चुंबकाला चिकटत नाही, पण रेडिओ लहरींनी तापू शकते आणि चित्र खराब करते. पेसमेकर, जुनी शस्त्रक्रिया, शरीरात राहिलेला लोखंडाचा कण (वर्कशॉपवाल्यांनो!) हे आधी सांगायचंच. लोखंड तर आत न्यायचंच नाही. मशीन थांबलेलं दिसलं तरी चुंबक बंद नसतं. निओबियम-टायटॅनियमच्या तारा द्रव हेलियममध्ये उणे २६९ अंशांना ठेवलेल्या असतात, त्यांना रोधच नसतो, त्यामुळे करंट रात्रंदिवस फिरतच राहतो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेलेल्या रुग्णाच्या एका तरुण नातेवाइकाला यात जीव गमवावा लागला. दारावरची पाटी शोभेची नसते.

आपल्यासाठी काम आहे

भारतातले जवळजवळ सगळे एमआरआय परदेशातून आलेले. किंमत कोटींत, म्हणून ती जिल्ह्याच्या ठिकाणी असतात आणि मैंदर्गीसारख्या गावांतून माणसाला दुखरी कंबर घेऊन एस.टी.चे धक्के खात जावं लागतं. पण चित्र बदलू लागलं आहे. बंगळुरूच्या व्हॉक्सेलग्रिड्स कंपनीने बनवलेलं १.५ टेस्लाचं देशी मशीन २०२३ च्या ऑगस्टमध्ये जाहीर झालं. आणि आपल्या पवईत, आयआयटीच्या आवारातल्या 'समीर' या सरकारी संस्थेने विकसित केलेल्या मशीनच्या चाचणीसाठी मार्च २०२५ मध्ये दिल्लीच्या एम्सबरोबर करार झाला. यात आरएफ कॉइल आहे, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स आहे, क्रायोजेनिक्स आहे, इमेज प्रोसेसिंग आहे. म्हणजे मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, कॉम्प्युटर, ई अँड टीसी, कुणीच रिकामं बसायला नको. फायनल इयरच्या प्रोजेक्टला चौथ्यांदा 'ट्रॅफिक लाइट कंट्रोलर' करण्याआधी एकदा विचार करा. रिपोर्ट मराठीत आणि कन्नडमध्ये समजावून सांगणारं एखादं साधं सॉफ्टवेअर बनवलं, तरी कुणाची तरी बैलजोडी वाचेल.

तोवर तब्येत सांभाळा. सबमिशनच्या रात्री कॉटवर पाय दुमडून, लॅपटॉप मांडीवर घेऊन, कमरेतून वाकून जर्नल लिहिताना अर्ध्या तासाने उठा, कॉरिडॉरमध्ये एक फेरी मारा. पाण्याचा वीस लिटरचा जार उचलताना गुडघ्यात बसा. आणि घरून फोन आला की "मणक्यात गॅप आलाय म्हणे", तर आधी एवढंच विचारा, "पायात ताकद आहे का? लघवी नीट होते का?" उत्तर 'हो' असेल तर थोडा दम धरायला सांगा. 'नाही' असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठायला लावा.